धारवाल्याचा हात गेला

माणसाने कुणाचा हेवा करावा यालाही काही ताळतंत्र असतं. श्रीमंताचा करा, देखण्याचा करा, ज्याची सून भांडत नाही त्याचा करा, कुणी नावं ठेवणार नाही. पण गढूळ पाण्याच्या बाटल्या गोळा करत हिंडणाऱ्या म्हाताऱ्याचा हेवा? धारवाल्याने तो केला, आणि थोडाथोडका नाही, पोटभर केला.

धारवाला राहायचा चढणीच्या रस्त्यावर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. न्हाव्याचा वस्तरा, शिंप्याची कात्री, खाटकाचा सुरा, सुताराची करवत, सगळ्यांना धार लावून द्यायची हा धंदा. दुकानात पायाने फिरवायचा मोठा गोल दगड, त्याच्यावर थेंबथेंब पाणी सोडणारा डबा, भिंतीवर लहानमोठ्या कानशी, आणि खिडकीखाली करवत घट्ट धरून ठेवणारा लाकडी शिकंजा. बोलायला माणूस तिरसट. गिऱ्हाइकाने "जरा लवकर द्या" म्हटलं की हा म्हणणार, "एवढी घाई आहे तर दातांनी कुरतडा ना!" पण त्याच्या हाताला तोड नव्हती, हे त्याच्याशी भांडणारेही कबूल करायचे.

करवतीचा एक दात किंचित डावीकडे वाकवतात, पुढचा किंचित उजवीकडे. असं केलं नाही तर करवत लाकडात अडकून बसते. सगळे दात सारखे वाकले की वरून बघताना मधोमध एक बारीक चर दिसतो. काम इथवर आलं की धारवाला आतल्या दाराकडे तोंड करून ओरडायचा, "अगं, सुई दे!" बायको शिवणाच्या डब्यातली सुई आणून द्यायची. तो ती चरात ठेवायचा, करवत हळूच तिरकी करायचा, आणि सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जायची. अडखळायची नाही, पडायची नाही. गिऱ्हाईक आ वासून बघायचं. मग सुई बायकोच्या हातात परत. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर हा खेळ गिऱ्हाइकासाठी नव्हताच. सुई परत घेताना बायको एकदा "हं" म्हणायची. त्या "हं"वर याचा दिवस निघायचा.

मग नदी गढूळ झाली.

डोंगराची पलीकडची बाजू एका लाकडाच्या ठेकेदाराने तोडून बोडकी केली होती. पुढच्या पावसात तिथली माती धुऊन खाली आली आणि नळाला चहासारखं पाणी यायला लागलं. उन्हाळ्यात तर नदीची पार गटारगंगा झाली. आता ठेकेदाराला वरचा माथाही तोडायचा होता, म्हणजे जिथे झरे आहेत आणि जिथून नदी निघते तो माथा. परवाना त्याच्या खिशात होता. गावातली माणसं मात्र खवळली. समिती झाली, कोर्टात दावा लागला, आणि निकाल लागेपर्यंत माथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाळीपाळीने बसायचं ठरलं. या सगळ्याच्या पुढे कोण? तर बाटलीदादा.

बाटलीदादा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला. बायको कधीच वारलेली, मिशा पांढऱ्या शुभ्र, आवाज गोड, आणि दारूच्या थेंबाला कधी शिवलेला नाही. तरी नाव पडलं बाटलीदादा, कारण खांद्यावरच्या पिशवीत कायम रिकाम्या बाटल्या. नदीच्या वळणावर जाऊन पाणी भरायचं, बाटली लोकांच्या खिडकीत ठेवायची आणि म्हणायचं, "उद्या सकाळी तळाला किती गाळ बसतो ते तुम्हीच बघा." लोकांनी बघितला आणि त्यांचे डोळे उघडले. भाषणापेक्षा ते बरं होतं, हे मानायलाच पाहिजे.

धारवाल्याची बायको समितीत गेली ती पहिल्याच दिवशी. लहानपणी ती माथ्यावरच्या झऱ्यावरून पाणी आणायची. झऱ्यावर एक जुनं झाड होतं, त्याच्या मुळांमधून पाणी निघायचं. घागर भरेपर्यंत ती त्या मुळांवर बसून राहायची. लग्नानंतरही वर्षातून एकदा तरी ती तिथे जाऊन यायची, आणि परतल्यावर दोन दिवस घरात कुणाला रागवायची नाही. ते झाड पडणार हे ऐकल्यावर तिने कंबर कसली. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांची रांग लावली. मीठ घ्यायचं तर बाटली सरकवा, काडेपेटी घ्यायची तर बाटली सरकवा. धारवाल्याला रोज सकाळी चहाच्या आधी परक्या माणसाचा गाळ बघावा लागायचा.

"हे काय दुकान मांडलंयस?"

"दादांनी ठेवायला सांगितल्यात."

"दादा! माझी आई होती तेव्हा तिचंही एवढं ऐकलं नव्हतंस."

"तुमच्या आईंनी कधी नदी वाचवायला सांगितली नव्हती."

तो कानस घेऊन बसायचा आणि एखाद्या बिचाऱ्या सुरीवर राग काढायचा. बायको संध्याकाळी रस्त्यावरची पाळी संपवून यायची ती चेहरा उजळूनच. दादा असं म्हणाले, दादा तसं हसले, दादांनी स्वतःच्या डब्यातलं अर्धं एका म्हातारीला दिलं. धारवाल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अगं, दादा म्हणतेस ना त्याला? मग भावासारखं वाग. भाऊ आठवड्यातून एकदा आठवला तरी पुरतो." ती हसायची. तिला वाटायचं, हा विनोद करतोय. हा कसला विनोद करतोय! हा आतल्या आत जळत होता. बायकोवर संशय होता असं नाही, तेवढा तो मूर्ख नव्हता. पण जे "हं" इतकी वर्षं फक्त त्याचं होतं, ते आता दिवसभर दुसऱ्याच्या पदरात पडत होतं. हा काय कमी छळ झाला?

आणि घरचं झालं थोडं म्हणून की काय, यात मेव्हण्याची भर होती. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ ठेकेदाराच्या तोडकामगारांवर मुकादम होता. बहीण रस्त्यावर बसायची ती भावाच्या टोळीला अडवायला. दोघांचं बोलणं बंद. मेव्हणा यायचा तो ताई घरात नसताना, आणि धारवाल्याकडूनच करवतींना धार लावून न्यायचा, कारण माथ्यावरची झाडं दोन माणसांनी ओढायच्या लांब करवतींनी पाडायची आणि तसल्या करवती लावाव्या तर धारवाल्यानेच.

एका दुपारी मेव्हणा हातगाडीच घेऊन आला. टोळीच्या सगळ्या करवती तिच्यावर.

"दाजी, उद्या पहाटेपर्यंत पाहिजेत."

"एवढ्या सगळ्या? लढाईला निघालास का?"

मेव्हण्याने दार ढकललं आणि आवाज खाली आणला. "कोर्टाची स्थगिती येणार असं साहेबांच्या कानावर आलंय. ती यायच्या आत माथा आडवा करायचा. लोक खालच्या रस्त्यावर बसलेत, आम्ही मागच्या पायवाटेने चढणार. करवतीचा आवाज लांब जात नाही. सकाळी लोकांना कळेल तोवर झऱ्याजवळची मोठी झाडं खाली आलेली असतील. ताईला बोलू नका हं दाजी. माझी नोकरी जाईल."

"मी कशाला बोलू?" धारवाला म्हणाला.

मेव्हणा गेला. धारवाला करवतींच्या ढिगासमोर बसून राहिला. संध्याकाळ झाली, बायको आली, आत भांडी वाजायला लागली. फक्त एवढंच करायचं होतं, दारात जाऊन म्हणायचं, "अगं, उद्या पहाटे मागच्या वाटेने चढणार आहेत." पण पुढचं सगळं त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. ती तशीच ओल्या हातांनी पळत सुटणार, ती थेट बाटलीदादाच्या दारात. मग दादा माणसं जमवणार, दादा मागच्या वाटेवर उभा राहणार, आणि उद्या गावभर होणार की दादांना आधीच कसा सुगावा लागला बघा! म्हणजे बातमी याची आणि नाव त्याचं. आयत्या बिळावर नागोबा! छे. मेलो तरी सांगणार नाही.

मेव्हण्याला शब्द दिला म्हणून तो गप्प बसला, असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. तो गप्प बसला ते मत्सराने.

पण गप्प बसणंही त्याला जमेना. झऱ्यावरचं ते झाड उद्या पडलं तर बायको घरी कशी येईल, हे त्याला दिसत होतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी त्याने पहिली करवत शिकंज्यात अडकवली, कानस उचलली, आणि आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. धार वरवर चकाकती लावली, पण दात सरळ करून टाकले. मधला चर बुजला. अशी करवत लाकडात वीतभर जाईल आणि मग गच्च रुतून बसेल. कुणाला इजा होणार नाही, पण कामही होणार नाही. एकामागून एक, सगळ्या करवती त्याने अशाच नासवल्या. आणि मनात काय चाललं होतं? तर, "बघ म्हणावं बाटल्या भरणाऱ्या, नदी कशी वाचवतात!"

सकाळी काय झालं ते सगळ्या गावाला माहीत आहे. करवती अडकल्या. ओढून ओढून टोळीच्या माणसांचे खांदे निखळायची वेळ आली. मेव्हण्याने शिव्या घातल्या आणि शेवटी, झऱ्यावरचं मोठं झाड अर्धं कापलेलं तसंच कसं सोडायचं म्हणून, कुऱ्हाडी काढल्या. करवत गुपचूप चालते, कुऱ्हाड थोडीच गप्प बसते? तिचा ठोका दरीत घुमला. रस्त्यावर बसलेल्या माणसांत तो पहिल्यांदा ऐकला बाटलीदादाने. त्याने शाळेची घंटा बडवली, अर्धं गाव माथ्यावर धावलं. पोचले तोवर झऱ्यावरचं झाड गेलं होतं. पण बाकीचा माथा उभा होता, आणि प्रत्येक खोडाला एकेक माणूस टेकून बसला. दुपारी स्थगितीचा कागद आला. ठेकेदाराच्या गाड्या रिकाम्या परत गेल्या.

बायको घरी आली ती रडून डोळे सुजलेली, आणि तरी बोलायची थांबेना. "आमचं झाड गेलं हो. पण बाकीचं वाचलं. दादांचे कान बघा! एवढ्या लांबून ठोका ऐकला. दादा नसते तर काही खरं नव्हतं."

दादांचे कान! धारवाल्याने घास तसाच ताटात ठेवला. अरे, कुऱ्हाडी काढायला लागल्या कुणामुळे? त्याच्या जिभेवर आलं होतं. पण बोलणार कसं? करवती मुद्दाम नासवल्या म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच, म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं? मग सांगितलं का नाहीत? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शाळेच्या मैदानात सभा झाली. बाटलीदादाने सगळ्यांचे आभार मानले, बसणाऱ्यांचे, डबे देणाऱ्यांचे, घंटेचे सुद्धा. धारवाल्याच्या बायकोचं नाव घेतलं तेव्हा टाळ्या वाजल्या. धारवाला सगळ्यात मागे बसला होता. शेजारचा सुतार त्याच्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या मंडळींचं कौतुक आहे बुवा." आणि मग जरा थांबून, "ती माझी छोटी करवत आहे ना तुमच्याकडे, ती राहू दे. मी बघतो दुसरीकडे." म्हणजे मेव्हण्याने बोभाटा करून झाला होता.

दोन-चार दिवसांत दुकान ओस पडलं. शिंपी दुकानावरून मान खाली घालून जायला लागला. कुणी म्हणे डोळे गेले, कुणी म्हणे हात गेला. खालच्या गल्लीत एकाने विजेवर चालणारं धारेचं यंत्र घेतलं होतं. त्याच्याकडे रांग लागली. धारवाला रिकाम्या दगडाला पाय मारत बसायचा. आता त्याला बाटलीदादाचा हेवा, यंत्रवाल्याचा हेवा, आणि सगळ्यात जास्त, गेल्या महिन्यापर्यंत या दुकानात बसायचा त्या स्वतःचाच हेवा वाटत होता.

आणि मग एका सकाळी मेव्हणा आला. एकटा नाही, ठेकेदाराची दोन दांडगी माणसं बरोबर. त्याने एक करवत आणून दुकानाच्या पायरीवर आपटली. आवाजाने शेजारीपाजारी बाहेर आले. बाटलीदादा नेमका बाटल्या बदलायला आला होता, तोही थबकला.

"दाजी, साहेब म्हणतात एक करवत बिघडली तर चूक. सगळ्याच्या सगळ्या? खरं सांगा. मुद्दाम केलंत ना?"

हो म्हणावं, तर ही माणसं दुकान फोडतील. आणि तरी, देवाशपथ सांगतो, एक क्षण त्याला हो म्हणावंसंच वाटलं. समोर बाटलीदादा उभा होता, सगळी गल्ली ऐकत होती. एक "हो", आणि हात परत मिळाला असता, नावही मिळालं असतं. त्याने तोंड उघडलं.

"मुद्दाम?" आतून बायको बाहेर आली. पदराला हात पुसत तिने भावाकडे असं बघितलं की तो एक पायरी खाली उतरला. "अरे, डोळे आहेत की खाचा? बघ त्यांच्याकडे. सुईत दोरा ओवता येत नाही आता त्यांना. मी ओवून देते. म्हातारे झालेत ते. हात गेलाय त्यांचा. तुला काम द्यायच्या आधी कळायला नको? सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याची अब्रू चव्हाट्यावर आणतोस, लाज वाटत नाही?"

मेव्हण्याची मान खाली गेली. दांडग्यांपैकी एकाने धारवाल्याकडे नीट बघून घेतलं आणि त्याला खरंच म्हातारा दिसला असावा. "चला," तो म्हणाला. गेले.

बाटलीदादा पुढे आला. त्याने धारवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या गोड आवाजात म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, धारवाले. वयोमानाने होतंच असं."

होतंच असं! धारवाल्याला वाटलं, धरणी दुभंगावी आणि शक्य झालं तर आधी बाटलीदादाला पोटात घ्यावं.

तो गेल्यावर बायकोने दुकानाचं दार लावलं. धारवाला दगडाकडे बघत म्हणाला, "चांगलं नाव काढलंस माझं. चार लोकांत. त्याच्यासमोर."

ती आत गेली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. त्यातली सुई काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

"त्या संध्याकाळी सगळ्या टोळीच्या करवती लावल्यात," ती म्हणाली, "आणि एकदाही सुई मागितली नाहीत."

धारवाला सुईकडे बघत राहिला. म्हणजे हिला माहीत होतं. त्याला वाटलं, आता ती "हं" म्हणेल, आत्ता म्हणेल.

"मी आत भांडी घासत वाट बघत होते," ती म्हणाली. "वाटलं, दमले असतील. सकाळी अडकलेल्या करवती बघितल्या तेव्हा कळलं. घरी येऊन मुद्दाम दादांच्या कानांचं कौतुक केलं, म्हटलं, आता तरी चिडून बोलतील. बोलला नाहीत. मला का नाही सांगितलंत? आदल्या संध्याकाळी?"

धारवाल्याने सुई बोटांत फिरवली.

"सांगा ना. माझ्या भावासाठी?"

"तू त्याला जाऊन सांगितलं असतंस," धारवाला म्हणाला. आवाज इतका बारीक की तो त्याचा वाटेना.

"कुणाला? दादांना?" ती बघतच राहिली. "म्हणून? अहो, सांगितलं असतंत तर आम्ही आधीच वर जाऊन बसलो असतो. एकही झाड पडलं नसतं. माझं झाड पडलं नसतं." ती पायरीवरच बसली. "तुमच्या हेव्याने माथा वाचला आणि तुमच्या हेव्यानेच माझं झाड गेलं. आता मी तुम्हाला काय म्हणू?"

धारवाल्याने सुई परत शिवणाच्या डब्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाटल्यांची पिशवी घेऊन निघाली. दाराशी थांबून म्हणाली, "येताय?" बोलावणं गोड नव्हतं, पण होतं. धारवाल्याने पिशवी तिच्या हातातून घेतली. वळणावर बाटलीदादा भेटला. तो पिशवी घ्यायला पुढे झाला, तर धारवाल्याने ती दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि दोघांच्या बरोबर मधून चालायला लागला. एवढं सगळं झालं तरी खोड जाते का माणसाची?

माथ्यावर झऱ्याचं पाणी अजून मुळांमधून निघत होतं, पण वर सावली नव्हती. मधोमध उरलेला बुंधा. अर्ध्यापर्यंत करवतीचा काप, वाकडातिकडा, जागोजागी अडखळलेला, आणि पुढे कुऱ्हाडीचे ढलपे उडवलेले घाव. बायको मुळांवर बसली नाही, उभीच राहिली.

बाटलीदादा खाली वाकून बघत म्हणाला, "काय वाईट कापलंय हो. हालहाल केलेत झाडाचे. कसल्या माणसाचं काम आहे हे?"

धारवाल्याने त्या कापावरून अंगठा फिरवला. त्याचंच काम होतं, दातन् दात त्याला ओळखू येत होता. आयुष्यभर त्याच्या हाताखालून असं काही गेलं नव्हतं.

"हात गेला असेल त्याचा," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक बाटली काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "भरा. आणि वरवर भरू नका, नीट खालून भरा."